रसिकांच्या नांवांची यादी

युरोपांतील संगीताचा इतिहास लिहिणारे लेखक राजेरजवाड्यांचा आश्रय, नाट्यगृहांचा थाट आणि प्रकाशकांचे व्यवहार यांचें वर्णन मोठ्या आवडीनें करतात. परंतु एका साध्या कागदाकडे त्यांचें लक्ष क्वचितच जातें. तो कागद म्हणजे, ज्या श्रोत्यांनीं आपण होऊन आपलें नांव दिलें त्यांची यादी. हल्लीं गायक-वादक आपल्या चाहत्यांस ई-मेलनें पत्रें धाडतात, आणि ज्यांनीं संमति दिली असेल त्यांसच तीं धाडावीं असा शिष्टसंकेत आहे. ही चाल संगणकाबरोबरच जन्मास आली असा समज आढळतो. तो आम्हांस मान्य नाहीं.

मोझार्टनें १७८१ सालीं साल्झबुर्गच्या धर्माधिपतीची चाकरी सोडली व तो व्हिएन्ना शहरीं स्वतंत्रपणें राहूं लागला. पगार नाहीं, तेव्हां श्रोते मिळविणें त्याचें त्यालाच प्राप्त झालें. १७८४ च्या वसंतांत, ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत, त्यानें ट्राटनरहोफ नांवाच्या इमारतींतील दिवाणखान्यांत तीन बुधवारीं तीन मैफली योजिल्या. तिन्हींची मिळून वर्गणी सहा फ्लोरिन. यादी घरोघर फिरली, आणि २० मार्च रोजीं बापास लिहिलेल्या पत्रासोबत त्यानें ती नकलून पाठविली. तींत १७४ नांवें आहेत. बहुतेक नांवें सरदार-उमरावांचीं. काउंट आणि बॅरन यांची तर रीघच लागलेली आहे. दोघां प्रतिस्पर्ध्यांचे वर्गणीदार एकत्र केले तरी आपले तीस अधिक भरतात, हेंही त्यानें बापास कळविण्यास कमी केलें नाहीं! मुलगा चाकरी सोडून फुकट गेला असें मानणाऱ्या बापाला याहून चोख उत्तर कोणतें असणार?

पण यादी ही कांहीं वतनी जमीन नव्हे. १७८८ त ऑस्ट्रियाचें तुर्कांशीं युद्ध जुंपलें. उमराव मंडळी पांगली आणि उरलेल्यांनीं हात आंखडला. १७८९ च्या जुलैंत मोझार्ट आपल्या पुख्बेर्ग नामक स्नेह्यास कर्जासाठीं लिहितो, त्यांत तो कळवितो कीं चौदा दिवस यादी फिरली आणि तीवर नांव आलें तें एकच, फान स्वीटनचें. हा गृहस्थ बादशाही ग्रंथालयाचा प्रमुख होता. अवघ्या एका वर्षापूर्वीं मोझार्टनें आपल्या शेवटच्या तीन सिंफनी लिहिल्या होत्या. म्हणजे कला आटली होती असें कोणी म्हणूं नये. पांच वर्षांपूर्वींचीं १७४ नांवें त्याच्या कामीं आलीं नाहींत, कारण तीं त्या वर्षापुरतीं दिलेलीं होतीं. नांव देणारा पुन्हां देतोच असें नाहीं, आणि त्याला तें पुन्हां विचारावेंच लागतें.

१७९५ सालीं बेथोव्हेननें आपलीं पहिलीं त्रिवाद्यें याच मार्गानें छापलीं व १२३ वर्गणीदारांचीं नांवें ग्रंथासच जोडलीं. पुढें प्रकाशक, मैफलींचे ठेकेदार आणि अखेरीस ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या मध्यें आल्या. किती तबकड्या खपल्या हें कलावंतास हिशेबावरून कळे. कोणी घेतल्या हें मात्र कळेनासें झालें.

ई-मेलच्या आरंभींच एक अपशकुनही झाला. इंटरनेटचें पूर्वरूप जें अर्पानेट, त्यावरील सुमारें ४०० जणांस ३ मे १९७८ रोजीं गॅरी थुर्क नामक विक्रेत्यानें, कोणासही न विचारतां, संगणकांची जाहिरात धाडली. तक्रारींचा वर्षाव झाला. विक्रीही झाली म्हणतात. आणि दुर्दैवानें अनुकरण झालें तें या दुसऱ्या गोष्टीचें. पुढें युरोपीय संघानें २००२ त पूर्वसंमति आवश्यक केली. अमेरिकेनें २००३ त 'नको' म्हणण्याचा हक्क तेवढा दिला. आमच्या मतें पहिला नियमच सभ्यपणाचा होय. दार ठोठावून आंत येणें वेगळें, आणि आंत आल्यावर 'जाऊं का?' म्हणून विचारणें वेगळें.

या पार्श्वभूमीवर इंग्लंडांतील मरिलियन या रॉक वादकसंचाची हकीकत लक्षांत घेण्याजोगी आहे. १९९७ त पैशाच्या अभावीं अमेरिकेचा दौरा करतां येत नाहीं, असें त्यांनीं चाहत्यांस इंटरनेटद्वारां कळविलें. मागणें कांहींच केलें नव्हतें. तथापि चाहत्यांनीं आपसांत पत्रव्यवहार करून सुमारें ६०,००० डॉलर उभे केले, आणि दौरा झाला. हें पाहून संचानें पुढचें पाऊल टाकलें. आपल्याजवळ नोंद असलेल्या सुमारें ६,००० चाहत्यांस ई-मेलनें विचारलें, कीं अद्याप न रचलेल्या संगीताचे पैसे तुम्ही आधीं द्याल काय? १२,००० हून अधिक मागण्या आल्या आणि 'अॅनोरॅक्नोफोबिया' हा संग्रह २००१ त निघाला. सहा फ्लोरिन आधीं घेऊन मग वाजविणाऱ्या मोझार्टला या व्यवहारांत नवें कांहींच दिसलें नसतें. पत्राच्या वेगाचें नवल वाटलें असतें इतकेंच.

२००४ च्या 'मार्बल्स' या संग्रहाच्या विशेष आवृत्तीसोबत जी पुस्तिका आहे, तींत आगाऊ पैसे भरणाऱ्यांचीं नांवें छापलेलीं आहेत. त्यांत काउंट किंवा बॅरन शोधूनही सापडतील कीं नाहीं, याची आम्हांस शंकाच आहे.