गोल पानावरची कासवं



आमच्या सासूबाईंच्या लाकडी पेटीत, फणी-करंड्याच्या शेजारी, एक गोल चकती असायची. मागून लाल, पुढून पिवळी, आणि तिच्यावर चार कासवं. घरातली मुलं तिला कॅरमच्या सोंगटीसारखी टिचक्या मारायची. सासूबाई एवढंच म्हणायच्या, "टाकू नको गो, खेळाचा पान आसा ता." कसला खेळ, पानं किती, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्यांच्या आईकडून आलं, म्हणून जपलं.

पुढे एकदा वैभववाडीहून रेल्वेनं सावंतवाडीला गेले होते. मोती तलावासमोरच्या राजवाड्यात शिरले आणि तिथं तीच कासवं दिसली. एकटी नाहीत, १२० पानांच्या गोतावळ्यात. तो खेळ म्हणजे दशावतारी गंजिफा.

दशावतार तुम्हांला मी काय सांगायचा! जत्रेच्या रात्री संकासूर बघत आपण मोठ्या झालो. तेच दहा अवतार या पत्त्यांत आहेत. प्रत्येक अवताराची बारा पानं: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. राजाच्या पानावर अवतार स्वतः असतो. खालच्या पानांवर फक्त त्याची खूण, जितका आकडा तितक्या वेळा. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, वराहाचा शंख, नरसिंहाचं चक्र, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू. अक्षर कुठंच नाही. म्हणजे जिला एक ओळ वाचता येत नव्हती तीही हा डाव खेळू शकत होती. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आमचं पान कूर्माची चव्वी होतं, हे मला तिथं कळलं.

खेळ मुळात इराणकडून आला. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मोगलांचा संच ९६ पानांचा, आठ रंगांचा. तिथं नाणी, तलवारी, गुलाम असली चित्रं. इकडं दक्षिणेत आल्यावर त्या जागी आपले देव बसले आणि आठाचे दहा रंग झाले. तेलंगणातले विद्वान ब्राह्मण वाडीच्या दरबारात आले, त्यांनी हा खेळ आणला, अशी गोष्ट तिथं परंपरेनं सांगतात. पानं रंगवायचं काम चिताऱ्यांकडं गेलं. लाकडी फळं आणि खेळणी घ्यायला आपण ज्या चितारआळीत जातो, ती त्यांचीच.

पान करायची रीत आपल्या स्वयंपाकघराला जवळची आहे. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून त्यांची खळ करायची. त्या खळीनं कागदाचे किंवा कापडाचे थर एकावर एक चिकटवायचे. वर पांढरा लेप देऊन, वाळवून, गुळगुळीत दगडानं घोटायचं. मग गोल कापून पाठीला लाख द्यायची आणि पुढं बारीक कुंचल्यानं चित्र काढायचं. पाठीला जरा कमीजास्त रंग लागला तरी चालत नाही, नाहीतर समोरच्याला पान ओळखता येतं!

आता थोडं लांब जाऊ या, पार आफ्रिकेत. घाना देशात अकान लोक राहतात. त्यांच्यातल्या असांते लोकांत अदिंक्रा नावाचं कापड असतं. वाळलेल्या भोपळ्याच्या कवटीवर ठसे कोरायचे, झाडाची साल उकळून केलेल्या काळ्या रंगात बुडवायचे आणि कापडावर उठवायचे. कुमासी शहराजवळच्या न्तोन्सो गावात हे काम आजही चालतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १८१७ साली थॉमस बोडिच यांनी मिळवलेलं असं एक कापड ठेवलेलं आहे. मूळचं हे दुखवट्याचं वस्त्र, मेलेल्या माणसाला निरोप देताना पांघरायचं. त्यावरच्या बऱ्याच खुणांमागं एकेक म्हण असते. मान मागं वळवलेला पक्षी, त्याचं नाव सांकोफा: विसरलेलं आणायला मागं फिरलं तर त्यात वावगं काही नाही. सोन्याची भुकटी तोलायची त्यांची पितळेची वजनंसुद्धा अशीच, कुठं मगर, कुठं मासा, आणि पुष्कळांशी एखादी म्हण जोडलेली.

आपल्या कासवांमागंही अख्खं समुद्रमंथन आहे. पण फरक आहे तो असा की त्यांची खूण दिसली की म्हण ओठांवर येते. आपल्या पानांवरची बोली मात्र खेळाबरोबर गेली. बावन्न पत्त्यांनी मराठीला हुकमाचा एक्का दिला. गंजिफ्याचा एकही वाक्प्रचार मी आमच्या भागात ऐकलेला नाही. छापील पत्ते स्वस्त झाले आणि हातानं रंगवलेला संच कुणाला परवडेना. सावंतवाडीत तर एक वेळ अशी आली की ही कला येणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते.

तेव्हा, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी या दोघांनी त्यांच्याकडून काम शिकून घेतलं. सत्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. त्या स्वतः कुंचला घेऊन बसत. राजवाड्यातच कारखाना सुरू झाला, गावातली मुलं-मुली तिथं शिकली. २०१८ मध्ये सत्वशीलादेवी गेल्या, काम थांबलेलं नाही. मी गेले तेव्हा खिडकीपाशी एक मुलगी माशाचे खवले काढत होती. एकेक खवला! चष्मा लागेल गो तुला, असं म्हणावंसं वाटलं.

खरं सांगायचं तर मला एक खटकलं. घेणारे संच घेतात आणि चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. मैत्रिणींनो, खेळायला केलेली वस्तू आहे ती. मी एक साधा संच घेऊन आले आणि शेजारच्या दोघींना बोलावलं, कारण हा डाव तिघांचा, प्रत्येकीला चाळीस पानं. एवढी पानं हातात मावेनात, तेव्हा मांडीवर पदर पसरून त्यात ठेवली. नियम ऐकून दोघी चक्रावल्या. पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांत खाली. कुठल्या पाचांत काय, हे लक्षात ठेवायला मला आठवडा लागला.

सुरुवात कोण करणार, तर दिवसा जिच्याकडं राम येईल ती, आणि रात्री जिच्याकडं कृष्ण येईल ती. आमची पानं वाटून झाली तेव्हा नेमकी दिवेलागण होती. राम एकीकडं, कृष्ण दुसरीकडं. अजून उजेड आहे, म्हणून एक हटून बसली. दुसरी उठली आणि तिनं ओटीवरचा दिवा लावला.