ऐहिक संपत्ती आणि आत्मिक धन (मराठी ख्रिस्ती विचार)

ऐहिक संपत्ती आणि आत्मिक धन : पैसाअडका, जमीनजुमला, घरदार, दागदागिने यांसारखी नाशवंत मालमत्ता आणि ईश्वराशी जडलेल्या नात्यातून माणसाला लाभणारी क्षमा, शांती, प्रीती व सार्वकालिक जीवनाची आशा यांच्यातील संबंधाविषयी ख्रिस्ती परंपरेत झालेले चिंतन. हा विचार जगभरच्या ख्रिस्ती समाजात आढळत असला, तरी महाराष्ट्रात त्याला वेगळे वळण लागले. कारण एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाला धर्मांतरामुळे एकीकडे वारसा, आप्तस्वकीय आणि प्रतिष्ठा गमवावी लागे, तर दुसरीकडे त्याने पोटासाठी धर्म बदलला, असा टोमणाही ऐकावा लागे. आपली श्रद्धा विकत घेतलेली नाही, हे जगण्यातून दाखवण्याची निकड मराठी ख्रिस्ती लेखकांच्या संपत्तीविषयक चिंतनाच्या मुळाशी आहे.

या विचाराचा शास्त्राधार मुख्यतः नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या दुसऱ्या भागात आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील ‘डोंगरावरील प्रवचना’त कीड, गंज आणि चोर यांच्या तावडीत सापडणारा पृथ्वीवरचा साठा व त्यांच्या आवाक्याबाहेरचा स्वर्गातील साठा यांची तुलना येते, आणि माणसाचे मन त्याच्या ठेव्यापाशीच गुंतते, असे सांगितले आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात भरघोस पीक आल्यावर जुनी कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या आणि त्याच रात्री मरण आलेल्या धनिकाचा दृष्टान्त आहे. तथापि नव्या कराराची भूमिका सरसकट धनविरोधी नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व प्रकारच्या वाईटाचे मूळ म्हणून पैशाकडे नव्हे, पैशाच्या लोभाकडे बोट दाखवले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत जेरुसलेमच्या पहिल्या मंडळीने मालमत्ता सामाईक केल्याचे वर्णन आहे, पण ही रीत सर्वांवर सक्तीने लादल्याचे नाही.

पुढील चर्चइतिहासात या वचनांचे दोन अर्थ लावले गेले. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने, इसवी सनाच्या २०० च्या सुमारास, धन टाकण्यापेक्षा धनाची आसक्ती टाकणे महत्त्वाचे मानले. इजिप्तच्या वाळवंटातील अंतोनी आणि नंतर असिसीचा फ्रान्सिस (११८२–१२२६) यांनी ही वचने शब्दशः आचरली. प्रॉटेस्टंट पंथांत संन्यासाऐवजी कारभारीपणाची कल्पना रुजली. तिच्यानुसार मालमत्ता देवाची असून माणूस तिचा केवळ कारभारी असतो आणि म्हणून उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दशांश, अर्पण करण्याची प्रथा पाळावी, असे मानले जाते. मराठी मुलखात हे दोन्ही प्रवाह पोचले. कॅथलिक परंपरेतील फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोमंतकातील रायतूर येथे छापले गेले, तर अमेरिकन मराठी मिशनने १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला प्रॉटेस्टंट परंपरेचा पाया घातला.

धर्मांतरितांच्या आर्थिक स्थितीची दुसरी बाजू कायद्यात दिसते. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म वा जात सोडल्यामुळे वारसाहक्क बुडणार नाही, अशी तरतूद केली. प्रत्यक्षात मात्र घराचे दार बंद झाले की कागदावरचा हक्क मिळवणे अवघडच असे. अशा वेळी मिशनचा पगार हाच बहुतेकांचा आधार होई आणि टीकाकारांना नेमके तेच बोट ठेवायला सापडे. नीळकंठशास्त्री, पुढे नेहेम्या गोरे (१८२५–१८९५) यांनी या टीकेला वादविवादापेक्षा आपल्या विरक्त राहणीतून अधिक प्रभावी उत्तर दिले. चित्पावन घराण्यातील आणि काशीत वाढलेले हे पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले व अखेरपर्यंत अपरिग्रहाने राहिले.

या चिंतनाचे सर्वांत समृद्ध मराठी उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). त्यांच्या आयुष्यातील निर्णायक वळण महाराष्ट्राच्या पूर्व टोकाशी निगडित आहे. नागपूरला आप्पासाहेब बुटी या श्रीमंत गृहस्थांच्या आश्रयाने संस्कृत वाङ्मयाचे काम केल्यावर टिळक १८९३ च्या सुमारास नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानाकडे निघाले, आणि त्या आगगाडीच्या प्रवासात एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. नागपूरहून राजनांदगावला जाणारा हा लोहमार्ग गोंदियावरून जातो. नव्या करारातील ज्या भागाने टिळकांना जखडून ठेवले, तो डोंगरावरील प्रवचनाचाच भाग होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती धर्मदीक्षेचा जलसंस्कार करून घेतला. परिणामी पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी काही वर्षे ताटातूट झाली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळक पुढे अहमदनगरला मिशनच्या सेवेत राहिले, तेथे त्यांनी धर्मशिक्षणाचे अध्यापन केले आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात, ज्याचे भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले, टिळकांच्या हाती पैसा न टिकण्याचे वर्णन वारंवार येते. त्या वर्णनाचे मोल असे, की त्यात विरक्तीची स्तुती आणि तिची घरच्या चुलीवर पडणारी झळ एकाच वेळी दिसतात. नवरा उदार झाला की घर चालवायचे कोणी, हा लक्ष्मीबाईंचा विनोदाआडून डोकावणारा सवाल धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सहसा सापडत नाही, आणि मराठी ख्रिस्ती विचारातील तो एक अस्सल भाग मानायला हवा.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी व पगार सोडून ख्रिस्ती संन्यासाचा मार्ग पत्करला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसंघ असावा आणि तो परकीय पैशावर अवलंबून नसावा, अशी त्यामागील कल्पना होती. बाप्तिस्म्याच्या वेळी घरदार सोडताना लौकिक संपत्तीचा त्याग झाला होता. मिशनचे वेतन सोडताना त्याग झाला तो सुरक्षिततेचा आणि पोटार्थी म्हणून हिणवणाऱ्यांच्या हातातील शेवटच्या पुराव्याचा. या निर्णयात वारकरी संस्काराचा वाटा उघड आहे. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी टिळकांची भूमिका होती, आणि घराण्याच्या सावकारीतील आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवल्याची परंपरा मराठी मनाला नव्याने सांगावी लागत नाही. टिळकांनी अभंग हाच छंद उपासनेसाठी निवडल्यामुळे संतांची विरक्ती आणि शुभवर्तमानातील विरक्ती मराठी चर्चमध्ये एकाच चालीवर गायली गेली.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांची मांडणी याहून वेगळी आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पुण्यप्राप्तीसाठी तीर्थाटन व दानधर्म करीत जवळचे द्रव्य संपवले आणि १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळी दिवसांत रमाबाईंचे आईवडील उपासमारीने खंगून मरण पावले. त्यामुळे केवळ देऊन टाकणे म्हणजे आत्मिक धन, हे समीकरण त्यांना मान्य होणे शक्यच नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन स्थापन केले, तेव्हा त्याचा खर्च प्रामुख्याने अमेरिकेतील हितचिंतकांच्या संघाने उचलला होता. पुढे केडगाव येथील मुक्ती मिशनच्या कामात ब्रिस्टलचे अनाथाश्रमचालक जॉर्ज म्यूलर यांच्या उदाहरणावरून त्यांनी रोजची गरज प्रार्थनेतून देवापुढे मांडण्याचा मार्ग स्वीकारला. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या, आणि काही वर्षांत केडगावची वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. या कामासाठी जमीन, विहिरी, गुरे, माग, तेलघाणा, छापखाना हे सारे लागले. रमाबाईंनी ते बिनदिक्कत उभे केले, परंतु स्वतःसाठी काही राखले नाही. आपल्या १९०७ सालच्या इंग्रजी आत्मकथनाला त्यांनी अक्षय धनाची साक्ष अशा आशयाचे नाव दिले, यावरून या विषयाचे त्यांच्या विचारातील स्थान कळते.

टिळकांचा संन्यास कितीही उदात्त असला, तरी त्याला एक मर्यादा आहे. ज्याच्याकडे सोडण्यासारखे काही आहे, त्यालाच त्यागाची भाषा परवडते. अहमदनगर, जालना परिसरातील खेड्यांत ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील व भूमिहीन होते. त्यांच्या दृष्टीने शाळा, औषध आणि पोटभर अन्न ही आत्मिक धनाच्या विरुद्ध टोकाची गोष्ट नव्हती. १९८० नंतर भारतात पुढे आलेल्या दलित ईश्वरविद्येने, म्हणजे दलितांच्या अनुभवातून देवाविषयी विचार करणाऱ्या शाखेने, दारिद्र्याचे गोडवे गाण्याला याच कारणाने आक्षेप घेतला. या प्रकाशात कोठारांचा दृष्टान्तही वेगळा वाचला जातो. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यासारखा परिसर धानाचा आहे, आणि धानपट्ट्यातील अल्पभूधारकाची पुढच्या हंगामापर्यंत पुरणारी कणगी ही हाव नव्हे, तरतूद होय. दृष्टान्तातील धनिक दोषी ठरतो तो धान्य साठवल्यामुळे नाही. त्याच्या साऱ्या बेतात शेजारी आणि देव या दोघांनाही जागा नसल्यामुळे.

अलीकडच्या काळात हा विचार जमिनीच्या प्रश्नाशी येऊन मिळाला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४), जे ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादक आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांनी हरित वसई चळवळीतून बागायती जमिनी, विहिरी व झाडे यांच्या रक्षणाचा आग्रह धरला. भूखंडाला आलेला भाव हीच जमिनीची एकमेव किंमत मानण्यास त्यांचा विरोध होता, आणि त्यात कारभारीपणाची जुनी कल्पना निसर्गापर्यंत विस्तारलेली दिसते. याउलट श्रद्धेचे फळ म्हणून पैसा व आरोग्य मिळण्याची हमी देणारी ‘समृद्धीची सुवार्ता’ही जगभर पसरली आहे, पण टिळक आणि रमाबाई यांच्या परंपरेशी तिचा मेळ बसत नाही.

टिळकांचे ९ मे १९१९ रोजी मुंबईत निधन झाले आणि देवाचा दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. जमीन, विहिरी आणि छापखाना यांच्या आधारे उभे राहिलेले केडगावचे मुक्ती मिशन मात्र आजही चालू आहे.