अंपायर चुकला, पुढे काय?

28 मार्च 2019, बेंगळुरू. शेवटच्या चेंडूवर आरसीबीला सात धावा हव्या होत्या. मलिंगाने चेंडू टाकला, धाव निघाली नाही, मुंबई इंडियन्स जिंकली. मग रिप्ले आला. मलिंगाचा पाय रेषेच्या चांगलाच पुढे! नो-बॉल कुणी दिलाच नव्हता. कोहली भडकला, निकाल काही बदलला नाही. बदलला तो नियम. पुढच्या मोसमात पायाचा नो-बॉल बघण्याचं काम थेट तिसऱ्या अंपायरकडे गेलं.

अशा वेळी खेळ चालवणाऱ्यांपुढे मोजक्याच वाटा असतात. निकाल फिरवा, माणूस बदला, नाहीतर पद्धत बदला. निकाल फिरवायला कुणीच सहसा धजत नाही. आणि माणूस बदलणं सगळ्यात स्वस्त.

जानेवारी 2008 ची सिडनी कसोटी आठवा, किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. सायमंड्स 30 वर असताना यष्टीमागे झेल गेला, स्टीव्ह बकनरने नाबाद दिलं, सायमंड्सने नाबाद 162 केल्या. दुसऱ्या डावात द्रविडला बॅट न लागताच झेलबाद ठरवलं. बीसीसीआयने तक्रार केली आणि आयसीसीने पर्थच्या कसोटीतून बकनरला काढून बिली बाउडनला आणलं. आपण खूश! गंमत म्हणजे त्याच वर्षी डीआरएसचे प्रयोग सुरू झाले, तर पुढची कित्येक वर्षं त्याला सगळ्यात ताठ विरोध आपल्याच मंडळाचा होता. भारताने मायदेशातल्या कसोटी मालिकेत डीआरएस घेतलं ते 2016 साली. अंपायरचं डोकं मागायला आपल्याला काही दिवस पुरले, पद्धत मान्य करायला आठ वर्षं लागली.

आता अमेरिका. 2 जून 2010, डेट्रॉइट. बेसबॉलमध्ये ‘परफेक्ट गेम’ म्हणजे पिचरने ओळीने 27 फलंदाज बाद करायचे, एकालाही पहिल्या बेसवर पोचू द्यायचं नाही. 1880 पासून तोवर हे फक्त 20 वेळा घडलं होतं. डेट्रॉइट टायगर्सचा व्हेनेझुएलन पिचर आर्मांडो गलारागा याने 26 बाद केले. सत्ताविसाव्याने चेंडू मारला, मिगेल काब्रेराने तो अडवून फेकला, गलारागाने पहिल्या बेसवर झेलला. धावणारा स्पष्ट मागे होता. अंपायर जिम जॉइसने हात पसरले: सेफ!

गलारागा नुसता हसला. परत गेला, पुढचा फलंदाज बाद केला, संघ 3-0 ने जिंकला.

जॉइस मेजर लीगमध्ये वीसहून अधिक वर्षं काढलेला, खेळाडूंमध्ये मान असलेला माणूस. सामन्यानंतर त्याने रिप्ले पाहिला आणि पत्रकारांसमोर सरळ सांगितलं की मी चुकलो, त्या पोराचा परफेक्ट गेम मी घालवला. गलारागाला भेटून रडत माफी मागितली. रिप्लेची सोय तेव्हाही होती, पण फक्त होमरनच्या वादांपुरती.

दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर जॉइस होम प्लेटमागे उभा राहणार होता. लीगने त्याला सुट्टी देऊ केली होती, त्याने ती नाकारली. टायगर्सच्या मॅनेजरने संघाची यादी द्यायला मुद्दाम गलारागालाच पाठवलं. जॉइस डोळे पुसत होता. स्टेडियममध्ये थोडी हुर्यो झाली, टाळ्या जास्त वाजल्या.

कमिशनर बड सेलिग यांनी मात्र निकाल बदलायला नकार दिला, खुद्द मिशिगनच्या गव्हर्नरने ‘हा परफेक्ट गेमच’ असं जाहीर केलं तरी. मला हा नकार पटतो. एक निकाल फिरवला की शंभर वर्षांतले बाकीचे रांगेत उभे राहतील. पण एक गोष्ट खटकते: बेसवरच्या अशा निर्णयांसाठी रिप्ले आला तो 2014 साली. चार मोसम!

जॉइस 2016 च्या मोसमापर्यंत अंपायरिंग करत राहिला. गलारागाच्या त्या सामन्याची अधिकृत नोंद आजही तशीच आहे: 28 फलंदाज, एक हिट.