गाळ्यांच्या भाड्यावर चाललेली व्याख्यानं

सोळाव्या शतकात लंडनच्या व्यापाऱ्यांना सौदे करायला हक्काचं छप्पर नव्हतं. लोंबार्ड स्ट्रीटवर, ऊन असो की पाऊस, रस्त्यात उभं राहूनच व्यवहार ठरत. सर टॉमस ग्रेशॅम या बड्या व्यापाऱ्याने स्वखर्चाने रॉयल एक्स्चेंज बांधलं आणि 1571मध्ये राणी एलिझाबेथने त्याचं उद्घाटन केलं. वरच्या मजल्यावर दुकानांचे गाळे होते, त्यांचं भाडं ग्रेशॅमला मिळे. एकुलता एक मुलगा आधीच वारला होता. 1579मध्ये ग्रेशॅमही गेला. त्याचं मृत्युपत्र सांगत होतं, की पत्नीच्या पश्चात हे भाडं लंडन शहर आणि मर्सर्स कंपनी (कापडव्यापाऱ्यांचा संघ) यांच्याकडे जावं, आणि त्यातून सात प्राध्यापकांनी शहरातल्या लोकांसाठी फुकट व्याख्यानं द्यावीत.

1597मध्ये बिशप्सगेटच्या त्याच्या राहत्या वाड्यात ग्रेशॅम कॉलेजची व्याख्यानं सुरू झाली. खगोल, भूमिती, वैद्यक, कायदा, संगीत, वक्तृत्व, धर्मशास्त्र अशी विषयवाटणी होती. पगार वर्षाला 50 पौंड, त्या काळी घसघशीतच. सकाळी लॅटिन, दुपारी इंग्रजी. संगीताच्या जॉन बुलला लॅटिन येत नव्हतं, म्हणून त्याला इंग्रजीतच बोलायची खास सवलत मिळाली. प्राध्यापकांनी अविवाहित असावं ही अट मात्र कुणालाच माफ नव्हती. लग्नाची वेळ आली तेव्हा, 1607मध्ये, बुलला नोकरी सोडावी लागली.

सुरुवातीची माणसं कामाची होती. नकाशे आणि होकायंत्रांशी झगडणाऱ्या दर्यावर्दींना गणित हवं होतं, ते त्यांना इथे मिळालं. भूमितीचा प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज लॉगॅरिदम समजून घेण्यासाठी थेट एडिंबरोपर्यंत जॉन नेपियरला भेटायला गेला, आणि 1617मध्ये त्याने 1 ते 1000 आकड्यांच्या लॉगॅरिदमची सारणी छापली. आपल्याकडे बारावीच्या परीक्षेत पोरं जी लॉग टेबलं चाळतात, त्यांचं हे मूळ घराणं. त्याचा सहकारी एडमंड गंटर याने जमीन मोजण्यासाठी 66 फुटांची साखळी केली. अशा 10 चौरस साखळ्या म्हणजे बरोबर एक एकर. अर्धी साखळी लांब आणि अर्धी साखळी रुंद तुकडा घेतला की 33 बाय 33 फुटांचा आपला गुंठा होतो. गुंठेवारीच्या भांडणात गंटरला कोण आठवणार म्हणा!

28 नोव्हेंबर 1660 रोजी इथला प्राध्यापक ख्रिस्टोफर रेन याचं खगोलावरचं व्याख्यान संपल्यावर बारा जण मागे रेंगाळले. गप्पांमधून एक मंडळ ठरलं, तीच पुढची रॉयल सोसायटी.

इतकं सगळं जमल्यावर गाडी घसरली. नोकरी पक्की, पगार पक्का, श्रोते आले काय नि न आले काय! रॉबर्ट हूकसारखा कल्पक माणूस भूमिती शिकवत होता, तरी श्रोतेच न फिरकल्याच्या नोंदी त्याच्या रोजनिशीत सापडतात. अठराव्या शतकात तर व्याख्यान म्हणजे उरकायचं कर्मकांड झालं. 1768मध्ये वाडाच पाडला गेला, तिथे अबकारी कचेरी उभी राहिली, आणि प्राध्यापकांना रॉयल एक्स्चेंजमध्ये एक खोली मिळाली. बदल्यात लग्नाची मुभा मिळाली, हा त्यांच्या दृष्टीने वाईट सौदा नसावा. मृत्युपत्राचं अक्षर न् अक्षर पाळलं जात होतं, आणि हेतूचा मात्र कुणी विचार करत नव्हतं. दानाच्या पैशावर चालणाऱ्या कुठल्याही संस्थेला जडणारा हा आजार आहे.

एकोणिसाव्या शतकात कॉलेजला स्वतःची इमारत मिळाली. 1991मध्ये मुक्काम हॉबर्नच्या बर्नार्ड्स इन हॉलमध्ये हलला. सात विषयांत व्यापार-उद्योगाची भर पडली. इतिहास आणि जागतिक राजकारणही कार्यक्रमात असतं. प्रवेश अर्ज नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. खर्चाचा भार अजूनही लंडन शहर आणि मर्सर्स कंपनीच उचलतात. बदल झाला तो नेमणुकीत. प्राध्यापकाची खुर्ची आता जन्मभराची नाही, तीन-चार वर्षांची असते, आणि त्याची व्याख्यानं चित्रित होऊन इंटरनेटवर येतात, कुणालाही फुकट पाहता येतील अशी.