लेझरची महती आणि खड्ड्यांची जात

मुरमांनी चेहऱ्यावर ठेवलेल्या खड्ड्यांवर उपाय कोणता, असे आज शहरात कोणालाही विचारा, उत्तर एकच येते: लेझर. लग्न ठरत आलेल्या मुलामुलींचे आईवडील दवाखान्यात शिरताच विचारतात, 'लेझर केवढ्याला पडेल?' काही पाट्यांवर तर यंत्राचे नाव डॉक्टरांच्या पदवीपेक्षा मोठ्या अक्षरांत असते. या समजुतीचा गाभा असा की, लेझर सर्वांत नवे आणि सर्वांत महाग, म्हणून सर्वांत गुणकारी. सुई, आम्ल, टाका हे ज्यांना लेझर परवडत नाही त्यांच्यासाठी. हे मत चुकीचे आहे, आणि ते केवळ खर्चामुळे चुकीचे नाही.

पूर्वपक्षाचे जे खरे आहे ते आधी मान्य करू. जुन्या कार्बन डायऑक्साइड लेझरने त्वचेचा वरचा थर सरसकट जाळला जाई आणि जखम दीर्घकाळ लाल राही. २००४ मध्ये मॅनस्टीन, अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फ्रॅक्शनल' पद्धत मांडली. तिच्यात किरण सूक्ष्म स्तंभांच्या रूपाने त्वचेत उतरतो, दोन स्तंभांमधली कातडी शाबूत राहते आणि तिच्या आधाराने जखम लवकर भरते. उष्णतेमुळे नवे कोलॅजन तयार होते. उथळ, पसरट खड्ड्यांना याने फरक पडतो, हे निर्विवाद आहे. वाद आहे तो 'कोणत्याही खड्ड्यावर हेच' या म्हणण्याशी.

कारण खड्डे एका जातीचे नसतात. २००१ मध्ये जेकब, डोव्हर आणि कॅमिनर यांनी केलेली वर्गवारी आजही त्वचारोगतज्ज्ञ वापरतात. आइसपिक म्हणजे दोन मिलिमीटरहून अरुंद, पण खोलवर निमुळता होत गेलेला खड्डा. बॉक्सकार म्हणजे उभ्या कडांचा, सपाट तळाचा खड्डा. देवीच्या वणासारखा, असे जुनी माणसे म्हणतील. रोलिंग म्हणजे चार-पाच मिलिमीटरहून रुंद, कडा नसलेले खळगे. उजेड बाजूने पडला की गाल लाटांसारखा दिसतो तो यांच्यामुळे. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही जाती मिसळून असतात, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

रोलिंग खड्ड्याचे पाहा. इथे वरची कातडी झिजलेली नसते. खालच्या तंतुमय पट्ट्यांनी तिला खोल थराशी बांधून, आत ओढून धरलेले असते. गोधडीत टाका पडतो तिथे कापड दबते. त्यावर कितीही इस्त्री फिरवली तरी खळगा जात नाही, टाका उसवावा लागतो. लेझर ही इस्त्री आहे. टाका उसवण्याच्या कामाला सबसिजन म्हणतात. ओरेंट्राइख पितापुत्रांनी १९९५ मध्ये त्याचे वर्णन केले. भूल देऊन त्वचेखाली सुई सरकवायची आणि ती पुढेमागे फिरवून पट्ट्या तोडायच्या. दोनचार दिवस गाल सुजतो, आठवडाभर काळानिळा दिसतो. यात यंत्र लागत नाही, लागतो सरावाचा हात. जाहिरातीत तो दाखवता येत नाही.

आइसपिकचे गणित वेगळे. खड्डा इतका अरुंद आणि खोल असतो की वरून फिरणारा किरण त्याच्या तळापर्यंत पुरेसा पोचतच नाही. त्यासाठी २००२ मध्ये कोरियातील डॉक्टरांनी 'क्रॉस' पद्धत मांडली. टोकदार काडीने ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल नेमके खड्ड्याच्या आत टेकवायचे. आम्लाची तीव्रता ६५ ते १०० टक्के. काही क्षणांत तो बिंदू पांढरा पडतो, खपली धरते, आणि काही आठवड्यांच्या अंतराने हेच पुन्हा करत गेले की खड्डा तळातून भरत येतो. हे आम्ल चेहऱ्याला लावायचे नसते, खड्ड्यात टेकवायचे असते. म्हणून हा घरी करण्याचा उद्योग नाही. खड्डा फारच खोल असेल तर पंच नावाच्या गोल पात्याने तेवढाच भाग काढून टाका घालतात. खोल बॉक्सकारलाही पंच उपयोगी पडतो; उथळ बॉक्सकार मात्र लेझरचा किंवा मायक्रोनीडलिंगचा, म्हणजे बारीक सुयांनी टोचण्याचा, प्रांत.

आधी जात ओळखावी, मग उपाय ठरवावा, ही शिस्त काही परदेशातून आलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत खोलगट व्रणाला उत्सादन, उंचावलेल्याला अवसादन, पांढऱ्या पडलेल्याला कृष्णकर्म आणि काळवंडलेल्याला पांडुकर्म, असे वेगवेगळे विधान आहे. त्यातली द्रव्ये आज कोणी गालाला लावावीत असे मी म्हणत नाही. पण सरसकट लेझरचे पॅकेज विकणाऱ्यांपेक्षा त्या ग्रंथकाराची विचारपद्धती काटेकोर होती, एवढे नक्की.

'पण अभ्यासांनी लेझर सिद्ध केले आहे,' हा पुढचा युक्तिवाद. लेझरने सुधारणा होते हे अभ्यासांत दिसते. लेझर इतरांहून श्रेष्ठ, हे नाही. २०१६ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने या विषयावरच्या २४ चाचण्या, एकूण ७८९ रुग्ण, तपासले. त्यात कोणताही एक उपाय पहिल्या पसंतीचा मानावा इतका भक्कम पुरावा मिळाला नाही. चाचण्या लहान, मोजमापाच्या पद्धती वेगवेगळ्या, पाठपुरावा अपुरा. ज्या विषयात परीक्षकांनाच पहिला नंबर देता आला नाही, तिथे पाटीवर तो कसा येतो?

आपल्या कातडीचा रंगही या हिशेबात धरावा लागतो. सावळ्या त्वचेत रंगद्रव्याच्या पेशी लवकर चिडतात. लेझरची ताकद जास्त झाली किंवा नंतर उन्हाची काळजी घेतली नाही, तर काळे डाग उठतात आणि ते कित्येक महिने रेंगाळतात. हा धोका आम्लातही आहे. मायक्रोनीडलिंगमध्ये उष्णता नसल्याने तो कमी. गोऱ्या रुग्णांवरचे 'आधी आणि नंतर'चे फोटो कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या गालाला हमी देत नाहीत.

एक उपसमजूतही इथेच निकालात काढू: 'मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी बंद करून सहा महिने होईपर्यंत खड्ड्यांना हात लावायचा नाही.' हा नियम १९८० च्या दशकातल्या मोजक्या रुग्णांच्या नोंदींवर उभा राहिला; त्यांतली एक गाजलेली नोंद डर्मॅब्रेजननंतर, म्हणजे कातडी घासून काढल्यानंतर, गाठीसारखे व्रण उठलेल्या सहा रुग्णांची होती. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी पुरावा पुन्हा तपासला. यंत्राने कातडी घासणे आणि संपूर्ण थर जाळणारे लेझर यांना मनाई कायम राहिली. आम्लाचे सौम्य पील, मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल लेझर यांच्यासाठी सरसकट थांबण्याला आधार सापडला नाही. निर्णय अर्थात आपल्या डॉक्टरांनीच घ्यायचा. पण नवे मुरूम येतच असतील तर आधी ते आटोक्यात आणणे भाग आहे. नाहीतर एकीकडे खड्डा भरायचा आणि शेजारी दुसरा पडू द्यायचा.

'शेवटी सगळे डॉक्टर सबसिजनबरोबर लेझरही करतातच ना?' करतात. तो माझ्या म्हणण्याला विरोध नव्हे, आधार आहे. आधी पट्ट्या तोडणे, अरुंद खड्डे आम्लाने भरणे, आणि शेवटी उरलेला खडबडीतपणा लेझरने किंवा सुयांनी कमी करणे, असा क्रम जिथे असतो तिथे लेझरला त्याची योग्य जागा मिळते. हे काम वर्षभर चालू शकते, कारण कोलॅजन महिन्यांच्या गतीने बनते, आणि कोरी कातडी शेवटीही मिळत नाही. लग्नाला दोन महिने उरले असताना 'सहा सिटिंगचे पॅकेज' घेणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवे.

म्हणून वाचकहो, पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझ्या गालावर कोणत्या जातीचे खड्डे आहेत, प्रत्येकासाठी काय करणार, आणि यांतले नुसते काळे-लाल डाग किती, जे खड्डे नाहीतच आणि सनस्क्रीन लावून काही महिन्यांत फिके होतील? आणि ज्याने बाजूच्या उजेडात बसवून तुमचा गाल बोटांनी ताणून पाहिला नाही, त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरू नका.