उपचारासाठी परदेश

नागपूरहून अमरावतीकडे येणाऱ्या हमरस्त्यावर तिवसा मागे पडले की गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम उभारला. १९५५ साली ते धर्मपरिषदेसाठी जपानपर्यंत जाऊन आले. कर्करोगाने गाठल्यावर अखेरचा श्वास मात्र त्यांनी याच गुरुकुंजात घेतला, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी. त्यांच्या समाधीवरून जाणाऱ्या याच रस्त्याने वऱ्हाडातील रुग्ण नागपूरला नेले जातात. मेंदूत गाठ आहे असे कळले की घरची माणसे पहिला प्रश्न विचारतात, तो म्हणजे ‘आता न्यायचे कोठे?’ नागपूर, मुंबई, वेल्लोर, की थेट परदेश? आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनाही हा प्रश्न नवा नाही. रुग्ण दगावला तर ‘बाहेर नेले असते तर वाचला असता’ ही रुखरुख घरात वर्षानुवर्षे राहते. म्हणून या प्रश्नामागचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

मेंदूच्या गाठीवरील शस्त्रक्रियेचे शास्त्र फार जुने नाही. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या शल्यविशारदाने एका तरुणाच्या मेंदूतील गाठ काढली. केवळ लक्षणांवरून गाठीची जागा ताडून केलेली ही शस्त्रक्रिया. गाठ निघाली, पण जखमेत जंतुसंसर्ग होऊन सुमारे चार आठवड्यांनी तो तरुण मरण पावला. त्या काळी क्ष-किरणही अवगत नव्हते. रंटगेनचा शोध १८९५ सालचा. पुढील अर्धशतकात हे कौशल्य जगातील मोजक्या शहरांत आणि मोजक्या हातांत साठले. साहजिकच रुग्णाला त्या हातांपर्यंत जावे लागे.

युरोपातील माणसेही याला अपवाद नव्हती. हंगेरीचे लोकप्रिय लेखक फ्रिद्येश कारिन्थी यांना १९३६ साली मेंदूत गाठ असल्याचे कळले, तेव्हा त्यांना बुडापेस्ट सोडून स्टॉकहोमला हर्बर्ट ओलिवेक्रोना यांच्याकडे जावे लागले. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असताना ती शस्त्रक्रिया झाली. बरे होऊन परतल्यावर कारिन्थींनी त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. पण त्यांना आणखी दोनच वर्षे लाभली. १९३८ साली ते निवर्तले.

आपल्या देशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रवास एका बहिणीचा आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी वाइल्डर पेनफील्ड हे मेंदूचे शल्यविशारद होते. १९२८ साली त्यांची बहीण रूथ अमेरिकेतून त्यांच्याकडे आली. तिच्या मेंदूतील गाठ तिच्या भावानेच काढली. पण सगळी निघाली नाही. गाठ पुन्हा वाढली, तेव्हा बोस्टनच्या हार्वे कुशिंग या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ शल्यविशारदांनी दुसरी शस्त्रक्रिया केली. १९३१ साली रूथ मरण पावली. दोन देश आणि जगातील दोन उत्तम हात मिळूनही ती वाचली नाही. मात्र एकट्यादुकट्या शल्यविशारदाने हे काम पुरे होणार नाही, त्यासाठी संशोधक आणि वैद्य एका छताखाली आले पाहिजेत, ही पेनफील्ड यांची तळमळ त्या दुःखाने तीव्र केली. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या देणगीतून १९३४ साली मॉन्ट्रियल मज्जासंस्था उभी राहिली.

या संस्थेत शिकायला आलेल्यांत केरळचे जेकब चांडी होते. बहरीनच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे सेवा केली होती. पाश्चात्त्य देशात राहून नाव आणि पैसा मिळवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे बोलावणे स्वीकारले. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून सुरू केलेल्या त्या संस्थेत १९४९ साली भारतातील पहिला मेंदू-शल्यचिकित्सा विभाग त्यांनी उघडला. पुढच्याच वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम सुरू केले. पेनफील्ड यांच्याच हाताखाली शिकलेल्या डॉ. राम गिंडे यांनी मुंबईत ही विद्या रुजवली. १९५१ साली चांडी, राममूर्ती, एस. टी. नरसिंहन आणि बलदेव सिंग या चौघांनी भारतीय मज्जाविज्ञान परिषदेची स्थापना केली.

वऱ्हाडातील माणसाला या घटनांचा अर्थ सोपा आहे. नागपूर किंवा वर्ध्याहून दक्षिणेची गाडी धरायची आणि काटपाडीला उतरायचे. जहाजाचे वा विमानाचे तिकीट नको. पुढे वाट आणखी आखूड झाली. वेल्लोरच्या मज्जाविकार विभागात काम केलेले डॉ. जी. एम. ताओरी यांनी नागपुरात मध्य भारतातील रुग्णांसाठी अशीच संस्था उभी केली. मॉन्ट्रियलहून वेल्लोरला आणि वेल्लोरहून नागपूरला विद्या आली, ती विद्वान परत आले म्हणून.

तरीही परदेशाची ओढ सरली नाही, आणि तिला कारणेही होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने प्रथमच जिवंत माणसाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. असे यंत्र आपल्याकडे सर्वत्र पोहोचायला बराच काळ जावा लागला. ज्यांना शक्य होते ते लंडन-अमेरिकेला गेले. १९७३ च्या परकीय चलन कायद्याखाली त्यांना डॉलर-पौंडांसाठीही परवानगी काढावी लागे. आज तसे राहिलेले नाही. मेंदूची सर्वांत घातक गाठ, ग्लायोब्लास्टोमा, हिच्यावर २००५ पासून जगभर मान्य झालेला क्रम म्हणजे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड ही गोळी. तो मुंबईतही मिळतो. ज्या चाचणीने हा क्रम रूढ झाला, तिच्यात या उपचारानंतर रुग्णांचे मध्यम आयुर्मान पंधरा महिन्यांच्या आत होते. विमानाने दूर गेल्याने हा आकडा फारसा बदलत नाही. उलट मेंदूच्या आवरणावरील साध्या गाठी वेळीच आणि कुशल हाताने काढल्या तर माणूस पुष्कळ वर्षे जगतो. म्हणून गाठ कोणत्या जातीची, हा प्रश्न आधी विचारावा. कोणत्या देशात न्यावे, हा मागाहून.

येथे आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आठवावी. जीव राखण्यासाठी माणसाने कोठवर झटावे, याचा विचार सोळाव्या शतकात स्पेनच्या सालामांका विद्यापीठातील डॉमिनिकन गुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी केला. आयुष्य वाढावे म्हणून सर्वांत आरोग्यदायी ठिकाणी राहायला जाण्याचे बंधन कोणावर नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना पोप पायस बारावे यांनी हाच धागा पुढे नेला: सर्वसाधारण उपाय योजणे हे कर्तव्य आहे, स्वतःवर वा इतरांवर असह्य भार टाकणाऱ्या असाधारण उपायांची सक्ती नाही. ५ मे १९८० च्या व्हॅटिकनच्या निवेदनाने तर खर्च, धोका, रुग्णाची शक्ती आणि अपेक्षित लाभ यांचा मेळ घालावा, असे स्पष्ट सांगितले. तेव्हा वाडी न विकणाऱ्या मुलाने आईवर प्रेम कमी केले, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. ज्याला ऐपत आहे आणि ज्याच्या रोगाला परदेशी खरोखर उपाय आहे, त्याने अवश्य जावे. बाकीच्यांनी अपराधाचे ओझे वाहू नये.

पण ज्या ओझ्यातून कुटुंब सुटते ते समाजावर येते. मार्काच्या शुभवर्तमानात पक्षाघाती माणसाला चौघे उचलून आणतात आणि छप्पर उघडून प्रभूपुढे उतरवतात. तो स्वतः चालत आला नव्हता. आपल्या धर्मग्रामांतही निदान लवकर व्हावे यासाठी धावपळ करणारे, मुंबईत रुग्णासोबत राहणाऱ्यांना निवारा देणारे, उपाय थकल्यावर रुग्णाभिषेकासाठी धर्मगुरूंना वेळीच बोलावणारे आणि मरणाऱ्याच्या उशाशी बसणारे चौघे असावेत. आणि आपली जी मुले-मुली वैद्यकाचे उच्च शिक्षण घेण्यास परदेशी जातात, त्यांना निरोप देताना जेकब चांडी यांचे नाव सांगावे. ते परत आले, म्हणून हजारो रुग्णांना देश सोडून जावे लागले नाही.