दुखापतीनंतर गुडघ्यातून येणारे आवाज

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील डायमंड लीग स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. त्याच्या गुडघ्यातील एसीएल आणि मेनिस्कस यांना इजा झाल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोतील जागतिक स्पर्धेस त्याला मुकावे लागले.

एसीएल हा मांडीचे हाड व नडगी यांना जोडणारा अस्थिबंध असून नडगीला पुढे सरकण्यापासून तो रोखतो. कबड्डी, खो-खो वा फुटबॉल खेळताना पाऊल जमिनीवर रोवलेले असताना शरीर वळले, की प्रतिस्पर्ध्याचा धक्का न लागताही तो तुटू शकतो. त्या क्षणी ‘फट्’ असा आवाज झाल्याचे अनेक रुग्ण सांगतात. काही तासांतच गुडघा सुजतो, कारण सांध्यात रक्तस्राव होतो. पुढे चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो. असा आवाज व लगेच येणारी सूज ही जोडी गंभीर मानावी.

आपल्याकडे अशा वेळी ‘नस चढली’ असे समजून गुडघा चोळून घेतला जातो. हे टाळावे. विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंचावर ठेवणे एवढे प्रथमोपचार पुरेत. एक्स-रेमध्ये हाड मोडले आहे का ते कळते. अस्थिबंध मात्र त्यात दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर समाधान मानून पुन्हा मैदानात उतरणाऱ्याच्या मेनिस्कसलाही इजा होण्याचा धोका असतो. अस्थितज्ज्ञाची तपासणी आणि गरजेनुसार एमआरआय आवश्यक ठरते.

दुखापत जुनी झाल्यावर येणारे आवाज वेगळे. मेनिस्कस ही चंद्रकोरीच्या आकाराची गादी फाटली असल्यास खटका बसतो, वेदना होतात आणि कधी फाटलेला तुकडा मध्ये अडकून गुडघा सरळच होत नाही. गुडघा असा अडकल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. वाटीमागील कूर्चा खडबडीत झाल्यास जिना चढताना करकर जाणवते.

वेदना व सूज नसलेला कटकट आवाज मात्र बहुधा निरुपद्रवी असतो. निरोगी गुडघ्यांतूनही तो येतो. स्नायूंचे दोर हाडावरून सरकल्याने किंवा सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याने तो होतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली बोटे मोडताना एमआरआय चित्रण करून अशी पोकळी दाखवली होती. स्टेथोस्कोप लावून गुडघा ऐकण्याचे प्रयोगही विसाव्या शतकाच्या आरंभापासून झाले. तथापि केवळ आवाजावरून निदान करण्याची पद्धत रूढ झाली नाही.

शस्त्रक्रियेनंतर व्यायाम करतानाही असे आवाज येतात. एसीएलची पुनर्रचना झालेल्या खेळाडूस मैदानात परतण्यासाठी साधारण नऊ महिने वा अधिक काळ लागतो. या काळात केवळ वेदनारहित आवाजाच्या भीतीने व्यायाम सोडल्यास मांडीचे स्नायू दुर्बल होतात. आवाजाबरोबर नव्याने सूज आली, तर मात्र व्यायाम थांबवून शल्यचिकित्सकास दाखवावे.